तरोट्याचा चुलत भाऊ आणि रानभाजी ओळखण्याची रीत

पहिल्या अर्ध्या तासात आम्ही जेमतेम पन्नास पावले चाललो असू. कानबाईचा रोटांचा सण होऊन आठवडा झाला होता. चाळीसगावहून पाटणादेवीकडे जाताना लागणाऱ्या एका गावाचे गायरान पावसाने हिरवेगार झाले होते आणि रानभाज्या ओळखायला निघालेले आम्ही चौदा जण एका बांधापाशी घोळका करून उभे होतो. आम्हाला शिकवणाऱ्या आक्कांनी बांधावरची दोन रोपे उपटली, एकेका हातात धरली आणि विचारले, यातला तरोटा कोणता? बहुतेकांनी दोन्हींकडे बोट दाखवले. मीही. आक्कांनी उजव्या हातातले रोप खाली टाकले. "हाऊ तरोटा नही शे. हाऊ त्याना चुलत भाऊ शे."

रानभाज्यांच्या शिवारफेऱ्या आता खान्देशात जागोजागी निघतात. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सवही भरतात. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण अनेक फेऱ्यांतून माणसे घरी नेतात ती चाळीस नावांची यादी आणि चाळीस फोटो. त्या यादीच्या भरवशावर कोणी पुढच्या आठवड्यात एकटाच पिशवी घेऊन निघाला, तर मला त्याची काळजी वाटते. नाव ऐकले म्हणजे वनस्पती ओळखता आली असे नाही. तिच्यासारखी दिसणारी दुसरी कोणती, ती शेजारी उगवली तर दोघींतला फरक कुठे बघायचा, हे सांगता आले की ओळख झाली.

तर आधी तरोटा. कोकणात आणि घाटावर याला टाकळा म्हणतात, संस्कृतात चक्रमर्द. मृगाचा पाऊस पडला की बांधावर, उकिरड्यावर, रस्त्याकडेला तो दाटीने उगवतो. एका देठावर पर्णिकांच्या, म्हणजे एकाच पानाच्या छोट्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या, टोकाकडची जोडी सर्वांत मोठी. पर्णिका टोकाशी गोल आणि देठाशी निमुळती. संध्याकाळी त्या मिटतात. आमच्यासोबत वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर होते. त्यांनी भिंग दिले आणि देठावर खालच्या जोडीच्या मधोमध बघायला सांगितले. तिथे मोहरीहून बारीक, नारिंगी रंगाची, काडीसारखी उभी एक ग्रंथी होती. इतकी वर्षे तरोटा खाऊनही ती मी कधी पाहिली नव्हती.

आक्कांनी टाकलेला चुलत भाऊ मूळचा अमेरिकेच्या उष्ण भागातला. गाजरगवताला तो दाबून टाकतो म्हणून काही ठिकाणी मुद्दाम पेरलाही गेला, आणि आता पडीक जमिनीवर तोच तो दिसतो. कोवळेपणी तो तरोट्यासारखाच दिसतो आणि तीच बारीक ग्रंथी त्यालाही असते. फरक लागतो तो बोटांना. त्याचे खोड, देठ, पाने असे सगळे अंग मऊ दाट लवेने भरलेले असते. तरोटा हाताला त्यापुढे गुळगुळीत लागतो. शेंगा आल्यावर शंकाच उरत नाही: तरोट्याची शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकलेली, तर याची आखूड, चपटी आणि दोन बियांच्या मध्ये दोऱ्याने आवळल्यासारखी. पण शेंगा येईपर्यंत भाजीचे दिवस निघून गेलेले असतात. म्हणून कोवळ्या रोपाची खूण वेगळी शिकावी लागते.

दुसरा भाऊ कासविंदा. तो जास्त गंभीर आहे. त्याच्या पर्णिकांच्या जोड्या तीनहून जास्त, बहुधा चार ते सहा, आणि प्रत्येक पर्णिका टोकदार. ग्रंथी जोड्यांच्या मध्ये नसते. ती देठ खोडाला चिकटतो तिथेच, अगदी तळाशी असते. पान चुरगळले की उग्र घाण वास येतो. पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळा सरता सरता लहान मुले अचानक आजारी पडून दगावत असत आणि कित्येक वर्षे तो मेंदूज्वर समजला जात होता. २००७ च्या सुमारास डॉक्टरांनी दाखवून दिले, की खेळता खेळता खाल्लेल्या कासविंद्याच्या बिया हे त्यामागचे कारण आहे. त्या बियांतले विष यकृत, स्नायू आणि मेंदू या तिघांवर घाला घालते. तरोटा आणि कासविंदा एकाच बांधावर हातभर अंतरावर उगवतात, त्यामुळे तीन जोड्या की पाच, टोक गोल की अणकुचीदार, हे बघण्याला पर्याय नाही.

फुलाशिवाय वनस्पतीची खात्री पटवणे एवढे अवघड का, असे आमच्यातल्या एका ताईंनी विचारले. सरांनी दिलेले उत्तर मला फार पटले. वनस्पतींची कुळे मुख्यतः फुलांवरून लावलेली आहेत, कारण फुलाची रचना पिढ्यान् पिढ्या फारशी बदलत नाही. पान मात्र सावलीत मोठे होते, कोरड्या माळावर बारीक होते, गुरांनी खुडले की वेगळेच फुटते. आणि भाजी आपण खातो ती फूल येण्याआधीची. सगळ्यांत कमी पुरावा हाती असताना आपण सगळ्यांत मोठा निर्णय घेतो. त्याची भरपाई करायची तर एका खुणेवर न थांबता चार-पाच खुणा जुळवाव्या लागतात. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, खोड गोल की चौकोनी, मोडल्यावर रस पाण्यासारखा की दुधासारखा, वास कसा, आणि वनस्पती कुठे उगवली आहे. यातली एक जरी खूण जुळली नाही, तरी ती वनस्पती पिशवीत जात नाही.

रसाची खूण घोळीपाशी शिकलो. घोळ जमिनीसरपट पसरते, तिचे खोड तांबूस आणि मांसल, पाने जाड. फूल पिवळे, उन्हात काही तास उघडणारे. तिचे फळ नखाने दाबले की वरची टोपी झाकणासारखी निघते आणि आत काळ्या बारीक बिया दिसतात. हे एकदा बघितले की घोळ आयुष्यभर विसरत नाही. तिच्याशेजारी तशीच जमिनीला चिकटून दुधी उगवते. वरून घाईत बघितले तर फसायला होते. आक्कांनी दोन्ही मोडून दाखवल्या. घोळीतून पाणी आले, दुधीतून पांढरे दूध. "दूध निंघनं का फेकी दे," आक्का म्हणाल्या. दुधीच्या कुळातला चीक त्वचेला, तोंडाला आणि विशेषतः डोळ्यांना त्रास देतो.

सर्वांनी वहीत लिहून घेतले, 'दूध म्हणजे विष'. तेव्हा आक्कांनीच पुढच्या शेतातली पाथरी मोडून दाखवली. तिच्यातूनही दूध आले. आणि पाथरी तर आम्ही कळण्याच्या भाकरीबरोबर कच्ची खातो! म्हणजे दुधाची खूण घोळ आणि दुधी यांच्यात निवाडा करायला उपयोगी, सगळ्या रानाला ती लावता येत नाही. मोबाइलवर फिरणारे 'रानात काहीही खाण्याजोगे ओळखायचे पाच नियम' मला म्हणूनच धोक्याचे वाटतात. अळीने खाल्लेले पान माणसाला चालते, हा त्यातलाच एक. रुईची पाने काळे-पिवळे पट्टे असलेली अळी पोटभर खाते आणि रुईचे विष अंगात साठवते, म्हणूनच पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. आधी ओठाला लावून पाहा, मग जिभेला, मग तासभर थांबा, हा सल्ला तर फारच वाईट. काही विषे तासाभरात बोलतच नाहीत. त्याकडे मी येतेच.

त्याआधी कडूपणाबद्दल. कटुर्ल्याच्या वेलापाशी आम्ही बराच वेळ रेंगाळलो, कारण ते प्रकरण गोड आहे. कटुर्ल्याचे नर वेल वेगळे आणि मादी वेल वेगळे. दोघांनाही पिवळी फुले येतात, पण मादी फुलाच्या मागे काटेरी कटुर्ल्याचे इवले रूप आधीपासूनच असते. नर वेलाला फळ कधीच धरत नाही, म्हणून पुष्कळ शेतकरी तो 'वांझ' समजून उपटतात आणि मग शेजारच्या वेलालाही फळ का धरत नाही याचे नवल करतात. वेल दिवाळीनंतर वाळतो, जमिनीतला कंद जिवंत राहतो आणि पावसाला पुन्हा फुटतो. कंद खणून विकला की तो वेल कायमचा गेला. आता कडूपणा: काकडी, दुधी भोपळा, दोडक्याच्या या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात आणि रानटी जातींत ती भरपूर असू शकतात. कारल्याचा कडूपणा ठरलेला आणि ओळखीचा असतो. पण जे फळ कडू असायला नको ते कडू लागले तर थुंकून टाकावे, शिजवून मारायला जाऊ नये. कडू दुधी भोपळ्याचा रस पिऊन माणसे दगावली तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू रस पिऊ नका असेच बजावले होते.

ओळख पटली म्हणजे काम संपले, असेही नाही. कोणता भाग, कोणत्या वयाचा आणि कसा रांधलेला, या तीन गोष्टी मिळून भाजी होते. तरोट्याची भाजी पहिल्या पावसातल्या कोवळ्या शेंड्यांची. फूल आले की पान कडवट, चरबट होते आणि पोट ढाळते, कारण त्याच्यातल्या द्रव्यांत रेचक गुण आहे. कुर्डूची पाने तुरा येण्याआधीची. घोळीत ऑक्झॅलिक आम्ल असते, त्याचे स्फटिक होऊन मूतखडा वाढू शकतो. ती उकळून पाणी टाकले की आम्ल बरेचसे निघून जाते, आणि सोबत दही-ताक घेतले की त्यातले कॅल्शियम आतड्यातच आम्लाला धरून ठेवते. घोळीच्या भाजीवर ताक घेणाऱ्या आज्यांना रसायनशास्त्र माहीत नव्हते, पण रीत बरोबर होती. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी मात्र ताकाच्या भरवशावर न राहता ती टाळावी. सातपुड्यात काही रानकंद काप करून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून मगच खाल्ले जातात. कंद ओळखला पण ही रीत शिकली नाही, तर अर्धवट ओळख घातक ठरते.

नावांचा घोळ हा वेगळाच विषय. ब्राह्मी म्हणून महाराष्ट्रात निदान दोन वनस्पती विकल्या जातात. एक ओलसर जागी सरपटणारी, जाड बारीक पानांची, शास्त्रीय नावाने बकोपा. दुसरी गोल, बेडकाच्या पावलासारख्या पानांची मंडूकपर्णी. शंखपुष्पीचे आणि पुनर्नव्याचेही तसेच आहे. आणि उलट, एकाच तरोट्याला दर पन्नास कोसांवर वेगळे नाव. शास्त्रीय नाव पाठ करायला कोणी कंटाळले तर मी समजू शकते, पण वहीत गावचे नाव, प्रमाण मराठी नाव आणि शास्त्रीय नाव अशी तिन्ही लिहावीत. गावचे नाव तर अजिबात गाळू नये, कारण आक्कांना पुन्हा विचारायला जाल तेव्हा तेच लागेल. मोबाइलमधले ओळखणारे ॲप मदतीला घ्यावे, निवाड्याला नाही. मी एकाच रोपाचे तीन कोनांतून फोटो दिले तेव्हा एका ॲपने मला तीन वेगळी नावे सांगितली होती.

सणावारांमुळे आपल्याला पुष्कळ झाडे पाठ असतात, तो मोठाच ठेवा आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही म्हणून परसातल्या, बांधावरच्या भाज्यांची शोधाशोध होते. गणपतीच्या पत्रीमुळे आघाडा पोरासोरांनाही कळतो. पण पत्री ही वाहायची असते. त्या एकवीस पत्रींत धोतरा आहे, कण्हेर आहे, रुई आहे. तिन्ही विषारी.

औषधी हा शब्द ऐकला की आमच्या घोळक्यात वह्या जास्त भराभर उघडत होत्या. इथे मला थोडे थांबून बोलायचे आहे. भाजी आपण हंगामात पाच-सहा वेळा, जेवणात, तेल-मिरची-लसणासोबत खातो. औषध म्हणजे तोच पाला रोज, रस काढून, काही महिने. वनस्पती एकच असली तरी या दोन गोष्टी एक नव्हेत. गुळवेलीचे उदाहरण घ्या. कडुनिंबावर चढलेली गुळवेल आम्ही पाहिली: हृदयाच्या आकाराची गुळगुळीत पाने, खोडावर कागदासारखी सुटणारी राखाडी साल, साल खरवडली की आत हिरवे, आणि वरून दोऱ्यासारखी लोंबणारी मुळे. खोड आडवे कापले की बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. तोडून टाकलेला तुकडाही महिनोन् महिने मरत नाही, म्हणून तिला अमृता म्हणतात. कोविडच्या काळात घरोघरी तिचे काढे झाले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि त्यांचा एक मुद्दा असा होता, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे नीट पटवलेलेच नाही. दोघांपैकी कोणाचेही मान्य केले तरी सामान्य माणसाने करायचे तेच उरते. स्वतः तोडलेल्या वेलीचा काढा रोज घेऊ नये, आणि आधीची औषधे चालू असतील, पोटात बाळ असेल, यकृताचा त्रास असेल, तर वैद्याला आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगावे. मुरुडशेंग पोटातल्या मुरड्यावर चालते असे म्हणतात आणि तिचा पिळही आतड्यासारखा आहे. पण नुसत्या आकारावरून गुण ठरवायला लागलो तर रान फार महागात पडेल.

आता कळलावी. नाल्याच्या काठावर एका करवंदीच्या जाळीतून तिची फुले वर आली होती. सहा पाकळ्या मागे वळलेल्या, तळाशी पिवळ्या, वर लालभडक. पानाचे टोक तणाव्यासारखे गुंडाळलेले, त्यानेच ती दुसऱ्या झुडपाला धरून चढते. फुलात असताना तिला कोणीही ओळखेल. धोका आहे तो नंतर. पावसाळा संपला की वेल वाळून नाहीसा होतो आणि जमिनीत राहतो तो कंद, नांगरासारखा दोन फाटे असलेला. संस्कृतातले तिचे लांगली हे नाव त्या नांगरावरूनच आले. रताळे, रानकंद म्हणून हा कंद खाल्ला गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. त्यात कोल्चिसिन असते. याच द्रव्याच्या अगदी थोड्या मात्रेच्या गोळ्या गाऊट या सांध्यांच्या दुखण्यावर देतात. कंदातून ते कितीतरी जास्त जाते. मघाशी म्हटले ते विष हेच. खाल्ल्यावर काही तास काहीच होत नाही. मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात, वाटते बाधले असेल. पुढच्या दोन-तीन दिवसांत एकेक अवयव बंद पडू लागतो. म्हणून रानातले काही खाऊन त्रास झाला तर मिठाचे पाणी पाजून ओकाऱ्या काढत बसू नये. उरलेला पाला, कंद, अगदी ओकारीतला तुकडासुद्धा पिशवीत घालावा, १०८ ला फोन लावावा आणि तो नमुना डॉक्टरांच्या हातात द्यावा. कशामुळे झाले हे कळले की उपचाराची दिशा ठरते.

कुठून तोडावे हेही शिकायचेच. खान्देशात कापूस आणि केळी, आणि दोन्हींच्या बांधांवर तणनाशक मारले जाते. फवारा मारल्यावर पहिले काही दिवस तण हिरवेच दिसते. त्या बांधावरची माठाची भाजी कितीही अचूक ओळखली तरी विष पोटात जाईल. शेतमालकाला विचारल्याशिवाय बांधावरून काही घेऊ नये. सांडपाण्याच्या नाल्याकाठचे, हमरस्त्यालगतचे, कारखान्याच्या कुंपणाकडचेही घेऊ नये.

आमची फेरी गायरानात ठेवण्यामागे आणखी एक कारण होते. पाटणादेवीचे जंगल गौताळा औट्रम घाट अभयारण्यात येते. यावल आणि अनेर ही खान्देशातली आणखी दोन अभयारण्ये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथून पानही घेऊन जाता येत नाही. बघावे, फोटो काढावा, वहीत चित्र काढावे. जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या भिल्ल, पावरा, तडवी कुटुंबांना २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या उपजावर, हक्क दिला आहे. तो त्यांच्या जगण्याचा हक्क आहे, शहरातून रविवारी आलेल्यांचा नाही. आणि फेरीत शिकवणाऱ्या आक्कांना नारळ आणि साडी देऊन परत पाठवू नये. सरांना मानधन देता तेवढेच त्यांना द्यावे. आमच्या फेरीत तसे दिले, आणि आक्कांनी पैसे मोजून पदरात बांधले.

परतताना त्या पुन्हा नाल्याकडे वळल्या. कळलावीच्या बुडाशी त्यांनी तीन दगड रचले आणि शेजारच्या करवंदीच्या फांदीला पिशवीतली लाल चिंधी बांधली. दिवाळीनंतर वेल दिसणार नाही. उन्हाळ्यात गावची पोरे गुरांमागे इकडेच येतात, भूक लागली की काहीबाही उकरत बसतात. चिंधी दिसली तर तिथे खणणार नाहीत, असे त्या म्हणाल्या. गेल्या वर्षीची विटून पांढरी पडलेली चिंधी त्यांनी सोडून घेतली आणि कमरेला खोचली.